आडव्या गाडीवरचा शेरा

दामोदर, इतकी कसली घाई होती रे तुला?

परवा तुझ्या दहाव्याला आम्ही सगळे करंज्याच्या किनाऱ्यावर उभे होतो. पिंड मांडून झाला. आता कावळा शिवायला अर्धा तास तरी जाणार, म्हणून मंडळी सावली शोधायला लागली. मी पनवेलहून निघतानाच ठरवून आले होते. कावळा लवकर येणार नाही. तुझा मुलगा म्हणेल होडी विकणार नाही, तुझी लेक सुरेखा म्हणेल आईला अंतर देणार नाही, तरी तो येणार नाही. मग मी पुढे होईन, पर्समधली वही काढीन आणि सगळ्यांसमोर बोलेन. काय बोलायचं ते बसमध्ये पाठसुद्धा केलं होतं. आणि तू? पोराने हात जोडून "बाबा" म्हटलं असेल नसेल, तोच कावळा उतरला आणि चोच मारून मोकळा झाला. "समाधानानं गेला हो माणूस," लोक म्हणाले आणि चपला शोधायला लागले. मी पर्सच्या चेनवर हात ठेवून तशीच उभी. जन्मभर शिट्टी फुंकून माणसं जागच्या जागी थांबवली मी, आणि तू काही थांबला नाहीस.

पाठ केलेलं मनातच राहिलं. ते असं राहू द्यायचं नाही म्हणून लिहायला बसले आहे. आणि हे छापायला देणार आहे, कारण मी तुझं जे केलं ते भर मैदानात केलं होतं.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. न्हावा शेव्याचं बंदर नुकतं सुरू झालं होतं आणि उरणच्या रस्त्यावर कंटेनरच्या ट्रेलरांची रीघ लागली होती. आम्ही चार शिक्षिका पनवेलहून उरणच्या वाटेवरच्या शाळेत जायचो. एसटी मिळाली तर मिळाली. मग कुणीतरी तुझी पद्मिनी गाडी ठरवली. साय आलेल्या दुधाच्या रंगाची, एका दाराला बाहेरून हँडल नसलेली. पहिल्याच दिवशी तू मला म्हणालास, "बाय, तू फुडं बस. तुजे पाय लांब हायत." मी पी.टी.ची बाई, गळ्यात शिट्टी, शाळेत मुख्याध्यापकसुद्धा मला अहो-जाहो करायचे. आणि हा ड्रायव्हर मला अरे-तुरे करतोय! आठवडाभर मी तुझ्याशी बोलले नाही. नंतर कळलं की तुमच्याकडे 'बाय' आईलाही म्हणतात नि बहिणीलाही, आणि अहो-जाहो करतात ते फक्त परक्याला. माझ्या तोंडून 'तू' निघायला मात्र दोन वर्षं लागली.

शिट्टीचा किस्सा बायकोला, पारूला, तू किती वेळा सांगितला असशील! जुलै महिना, रस्त्यावर ट्रेलरांनी आणलेला लाल चिखल, आणि समोर एक ट्रेलर आडवा फसलेला. तू ब्रेक मारलाच नाहीस. स्टेअरिंग एकदा इकडे, एकदा तिकडे, हँडब्रेकला एक झटका. गाडीचं मागचं अंग गर्रकन फिरलं आणि आम्ही ट्रेलरला समांतर, वीतभर अंतर ठेवून उभ्या. मागच्या तिघी एका सुरात किंचाळल्या. आणि मी शिट्टी वाजवली. बंद गाडीत, जीव खाऊन! तू दोन्ही हात वर केलेस आणि शांतपणे विचारलंस, "काय बाय, फाउल झाला का?"

हसून हसून पोटात दुखलं सगळ्यांच्या. मी मात्र तुझ्या हातांकडे बघत होते. मल्लखांब शिकवणारी माणसं आधी हात बघतात. घाबरलेल्या माणसाचे हात पकड घट्ट करतात. तुझे हात भाकरी थापावी तसे हलके होते.

"हे कुठे शिकलात?" मी विचारलं.

"शिकायचं काय? होडी अशीच वलते," तू म्हणालास. "सुकान दाबलं का तिचं मागचं आंग पयलं भाईर जातं, तोंड मंग वलतं. कोनी म्हनतं का, नाखवा, तुजी होडी घसरली? गाडीनी तेच केलं का सगल्यांची बोंब."

ही तुझी सगळी विद्या. वडलांच्या होडीवर दहाव्या वर्षी सुकाणूला बसलेला तू. गाडी हातात आली तेव्हा तिलाही होडीसारखीच वळवायला लागलास. मला ते पटलं नव्हतं. गाडी घसरली म्हणजे चालवणाऱ्याची चूक, असं मी ठणकावून सांगितलं. "चुकून घसरली त चूक," तू म्हणालास. "मुद्दाम घसरवली, न पायजे तितं नेऊन थांबवली, त काय?" मी म्हटलं, "समोर बघून चालवा."

आणि मग तो रविवार. मार्च असावा. तुझ्या ओळखीतलं ते बंद पडलेलं मिठागर, सकाळचं ऊन, जमीन तव्यासारखी सपाट आणि वर भुसभुशीत धुळीचा थर. पारू डब्यात कोलंबीचं सुकं नि भाकऱ्या घेऊन आलेली. तू मासळीच्या चार रिकाम्या टोपल्या लांब लांब ठेवल्यास आणि त्यांच्यामधून ती म्हातारी पद्मिनी अशी आडवी, तिरकी, झुलवत नेलीस की मी घड्याळ दाबायचंच विसरले. दुसऱ्या फेरीला दाबलं. तिसऱ्या फेरीला म्हटलं, आता सरळ चालवा. सरळ गाडी चार सेकंद आधी आली. झालं! मला हत्यारच मिळालं.

"बघा, तुमची आडवी गाडी मागे पडते. शर्यतीत जो आधी पोचतो तो जिंकतो. घड्याळात मावत नाही तो खेळ नव्हे, ती सर्कस."

तू टोपलीवर बसून भाकरी खात होतास. घास गिळलास आणि म्हणालास, "बाय, तुज्या मल्लखांबाला घड्याल असतं का गो?"

पारू फिस्सकन हसली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कारण तू जे बोट ठेवलंस ते नेमकं दुखऱ्या जागी. तुला काय माहीत, पाच वर्षांपूर्वी मुलींसाठी दोरीचा मल्लखांब सुरू करायचा म्हणून मी आमच्या मुख्याध्यापकांपुढे उभी होते, आणि ते चष्मा पुसत म्हणाले होते, "बाई, ही सर्कस आहे. शाळेत खेळ शिकवा." नेमका तोच शब्द मी तुझ्या तोंडावर फेकला होता. घरी आल्यावर मला माझीच लाज वाटली. पण कबूल करणारी मी नाही, हे तू जाणतोसच.

कबूल केलं नाही, वही मात्र केली. पुढच्या रविवारी दोनशे पानी वही घेऊन आले आणि म्हटलं, "मल्लखांबाला घड्याळ नसतं, पण नियम असतात, गुण असतात, पंच असतो. तुमच्यात काय आहे? मनाला येईल तशी गाडी फिरवली की झाला खेळ?" तू म्हणालास, "मंग लिव ना नियम. तुलाच येतंय लिवायला."

आपण काय काय केलं रे तेव्हा! गाडी टोपलीच्या किती जवळून गेली हे ठरवायचं कसं, यावर दोन रविवार भांडलो. शेवटी ठरलं की गाडीच्या मागच्या बंपरला केरसुणी आडवी बांधायची, ती गेरूत बुडवायची, आणि टोपलीला गेरू लागला तर गुण. टोपली पडली तर शून्य. पारूने केरसुणी हातातून हिसकावून घेतली. "लक्षुमी हाय ती! तिला गाडीमागं फरफटवता? लाजा नाय वाटत, एवरी शिकलेली बाय!" मग खराटा बांधून बघितला, तर त्याच्या काड्या इतक्या ताठ की एकूण एक टोपली आडवी. शेवटी पारूनेच घराला चुना मारायचा कुंचा आणून दिला. कुंचा काही लक्ष्मी नव्हे. तो जमला. गेरूत भिजवलेला कुंचा टोपलीच्या गालावरून असा फिरायचा की लाल पट्टा उमटायचा आणि टोपली जागची हलायची नाही.

एकेका टोपलीला दोन गुण, चार टोपल्यांचे आठ, आणि गाडी पहिल्या टोपलीपासून शेवटच्या टोपलीपर्यंत मध्ये सरळ न होता गेली तर वरचे दोन. क्षणभर सरळ झाली तर अर्धा कापायचा. वहीच्या पहिल्या पानावर मी लाल शाईने लिहिलं, नियम पहिला: रस्त्यावर मनाई. तू म्हणालास, "रस्त्यावर करंल तो गाढव." त्या एका नियमावर आपलं कधी भांडण झालं नाही.

बाकी सगळ्यांवर झालं. मी तुला नऊ द्यायचे, साडेआठ द्यायचे, एकदा साडेनऊ दिले. दहा कधी नाहीत. तू कमरेवर हात ठेवून उभा राहायचास. "अर्धा कनाला कापलास?" "तिसऱ्या टोपलीपाशी गाडी सरळ झाली." "झाली नाय." "झाली." "पारू, झाली का?" पारू भाकरी बांधत म्हणायची, "माझं डोलं टोपलीवं व्हतं." अशी ती तीन वर्षं गेली. फेब्रुवारी ते मे, पाऊस पडेपर्यंत दर रविवारी. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ मैदानं बघितली, पण घामाने नि धुळीने माखून घरी येताना इतकी खूश मी दुसऱ्या कुठल्या मैदानावरून आले नाही. हे तुला कधी सांगितलं नाही. तुझ्या डोक्यात हवा गेली असती.

आता ते.

मुंबईच्या एका मोटार क्लबने नवीन पनवेलच्या मोकळ्या प्लॉटांवर गाड्यांची स्पर्धा ठेवली. ड्रम मांडायचे आणि त्यांच्यामधून एकेका गाडीने घड्याळ लावून जायचं. त्यांना वेळ घेणारं माणूस हवं होतं, कुणीतरी माझं नाव सुचवलं. तुला सांगितलं तर तू आदल्या आठवड्यात गाडीला नवा रंग देऊन आणलास आणि नाव नोंदवलंस. शनिवारी मला घरी सोडताना म्हणालास, "बाय, मी जिकनार नाय, ते ठावं हाय मला. पन तू त्यांना एकदा वही दाखव. मोठी मान्सं हायत. त्यांनी म्हनलं ना, का ह्यो पन खेलच हाय, त बस झालं." मी म्हटलं, दाखवीन. शब्द दिला.

मैदानावर टोप्या घातलेले, गॉगल लावलेले पुरुषच पुरुष. बाई घड्याळ घेऊन बसलेली बघून दोघातिघांनी आधीच कुजबुज केली होती. मी पहिल्या दहा गाड्यांचे आकडे असे चोख सांगितले की कुजबुज बंद झाली. एकजण येऊन "मॅडम, चहा?" असंही विचारून गेला. सांगते ना, मला बरं वाटलं. मग तुझी पद्मिनी आली. आडवी. पहिल्या ड्रमपासून शेवटच्या ड्रमपर्यंत एकदाही सरळ नाही. एकही ड्रम हलला नाही, आणि कुंचा बांधला असता तर एकूण एक ड्रमवर लाल पट्टा उमटला असता. लोक खुर्च्यांवर चढून ओरडत होते. वहीच्या हिशेबाने ते दहापैकी दहा होते, दामोदर. मला तिथल्या तिथे कळलं होतं.

घड्याळात तू खालून दुसरा आलास. प्रमुख पंचांनी माझ्यासमोर निकालाचा कागद सरकवला. शेवटचा रकाना शेऱ्याचा. "हा काय प्रकार होता, मॅडम? तुम्ही याला ओळखता वाटतं?" मागे कुणीतरी हसलं. वही माझ्या पर्समध्ये, मांडीवर. चेन उघडायची, एवढंच काम होतं. मला दिसायला लागलं की ही माणसं वही चाळतायत, टोपल्या, गेरू, कुंचा वाचतायत, आणि हसतायत. मला. मी म्हटलं, "ओळखत नाही. सर्कस आहे नुसती." आणि पेन घेऊन त्या रकान्यात माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'गाडीवरचा ताबा सुटला.'

कागद फळ्यावर लागला. तू चौथी शिकलेला. बोट ठेवून, एकेक अक्षर जोडून तू तो शेरा वाचलास. मी लांबून बघत होते. अक्षर कुणाचं आहे ते तुला माहीत होतं. तीन वर्षं तू तेच अक्षर वाचत होतास.

मला घरी सोडलंस ते अगदी सरळ, सावकाश, बैलगाडी न्यावी तसं. दाराशी थांबवून फक्त विचारलंस, "बाय, ताबा सुटला नव्हता ना?"

मी म्हटलं, "नियम आहे तो त्यांचा."

तू मान हलवलीस. सोमवारी वेळेवर दोन हॉर्न दिलेस. पुढचं दार उघडून धरलंस, नेहमीसारखं. तू ओरडला असतास, निदान दुसरी सवारी बघा म्हणाला असतास, तर मीही भांडले असते, आणि त्या भांडणात खरं काय ते बाहेर पडलं असतं. तू मला ती सोयच ठेवली नाहीस. मिठागरावर तू पुन्हा कधी गेला नाहीस. मी विचारलं तर म्हणायचास, टायर संपलेत.

पुढे पद्मिनी भंगारात गेली, तू होडीवर परतलास, मी निवृत्त झाले. आषाढ-श्रावण सोडला तर महिन्यातून एकदा तुझी पिशवी माझ्या दारात. "बाय, बोंबील ताजं हायत, आजच्या आज खा." आणि मागच्या दिवाळीत तुम्ही माझ्या घरी आलात तेव्हा सुरेखाने आपल्या दोघांना मोबाईलवर तो व्हिडिओ दाखवला, आठवतं? परदेशातलं मैदान, गाड्या आडव्या चाललेल्या, धुराचे लोट, भिंतीच्या किती जवळून मागचं अंग गेलं याचे गुण आणि गुण देणारे तीन पंच. "याला ड्रिफ्टिंग म्हणतात, बाबा. स्पर्धा असतात," ती म्हणाली. तू मोबाईल डोळ्यांजवळ नेऊन दोनदा बघितलास. लहान मुलासारखा हसलास. "बाय, बघ! कुंचा नाय फकस्त. बाकी समदं आपलंच." आणि मग अगदी सहज विचारलंस, "तुजी ती वही हाय का गो?"

ती वही तू बसला होतास त्याच्या मागच्या कपाटात होती. मी म्हटलं, "कुठे गेली कोण जाणे." तू म्हणालास, "ऱ्हाव दे." पारू चहा घेऊन आली.

हे मी पाठ केलं होतं, दामोदर. हेच किनाऱ्यावर बोलणार होते.

आता तू विचारशील, मग बाय, तो खेळ हाय का नाय? आहे. घड्याळात मावत नाही म्हणून तो खेळ नव्हे असं म्हणणारी बाई स्वतः जन्मभर घड्याळाशिवायच्या खेळाला गुण देत होती. गाडी सरळ नेण्यात जे कसब लागतं त्याच्या दुप्पट ती आडवी नेऊन हवी तिथे आणण्यात लागतं. मात्र मैदान हवं, नियम हवेत, पंच हवा. हल्ली पोरं रात्री-अपरात्री हायवेवर गाड्या घसरवतात, त्यांना मी खेळाडू म्हणणार नाही, आणि तूही गाढवच म्हणाला असतास. पण पंचाने खरं बोलायला हवं, हा नियम मी वहीत लिहिलाच नव्हता. तो आपल्या खेळाला कमी पडला.

दहाव्याचं सगळं उरकल्यावर पारू मला हाताला धरून घरी घेऊन गेली. तिने मला तुझ्या शेवटच्या दिवसाचं सांगितलं. खाडीच्या तोंडाशीच तुझ्या छातीत कळ आली. पोरगा म्हणाला, मी घेतो सुकाणू. तू दिलं नाहीस. धक्क्यावर होड्यांची गर्दी, दोन होड्यांमध्ये जेमतेम एका होडीची जागा. तू होडीचं मागचं अंग फिरवलंस आणि ती आडवी, अलगद धक्क्याला लावलीस. "कुनाच्या होडीला खरचटलं पन नाय, बाय," पारू म्हणाली. "दोर सोता बांधला. मंग खाली बसला."

मग ती आत गेली आणि चुलीमागच्या खुंटीवरून काहीतरी काढून आणलं. आपला कुंचा. केस झडलेले, पण मुळाशी अजून लाल. "दर दिवालीला मी फेकाया काढायची, तो परत टांगायचा. काय करायचाय म्हनलं त बोलायचा, ऱ्हाव दे, बायला वही गावली का लागंल."

मी पारूच्या गळ्यात पडून रडले. एवढी शिकलेली बाय.

घरी येऊन वही उघडली. त्या स्पर्धेच्या दिवसाचं पान मी तेव्हा कोरंच सोडलं होतं. आज भरलं. लाल शाई मिळाली नाही, निळ्याने लिहिलं आहे, चालवून घे.

नाव: दामोदर, राहणार करंजा. खेळ: गाडी आडवी चालवणे. शेरा: ताबा सुटला नव्हता, शेवटपर्यंत सुटला नाही. खाली सही, पंच म्हणून, पूर्ण नावानिशी.

गुण साडेनऊ. दहाच होते, मला माहीत आहे. अर्धा मुद्दाम कापला आहे. ये भांडायला.